कर्म, चारित्र्य आणि एक विषाणू

गोव्यात माणसाचा मान राखायची रीत जुनी आणि चांगली आहे. वाचनालयाच्या सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात समई लागते, शाल-श्रीफळ होते, मानपत्र वाचले जाते. पेडण्यात आणि डिचोलीत भजनी बुवा, दशावतारी नट, निवृत्त शिक्षक, शेतकरी अशा सगळ्यांचे सत्कार होतात आणि लोक कामधंदा आटोपून त्यांना जातात. मे 2023 मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन हे जर्मन विषाणुशास्त्रज्ञ वयाच्या 87 व्या वर्षी वारले. त्यांच्या नावाने या दोन तालुक्यांत एकदा तरी समई लागायला हवी, असे मला मनापासून वाटते. त्यांचा आमच्या मातीशी संबंध काय, असे कोणी विचारील. पाळी जाऊन पाच वर्षे झाल्यावर एखाद्या बाईला पुन्हा रक्त जाऊ लागते, ती ते सुनेलाही सांगत नाही, आणि बांबोळीच्या इस्पितळात पोहोचते तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसे काही उरलेले नसते. त्या बाईशी आपला जो संबंध आहे, तोच त्यांचाही आहे.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा या माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय. भारतात 2022 साली या रोगाच्या नव्या रुग्णांचा अंदाज सव्वा लाखाच्या वर होता आणि मृत्यूंचा 80 हजारांच्या जवळ. हा रोग संसर्गातून येत असावा, ही शंका नवीन नव्हती. 1842 साली, म्हणजे पोर्तुगिजांनी पणजीत वैद्यकीय शाळा उघडली त्याच वर्षी, इटलीतल्या रिगोनी-स्टर्न या डॉक्टराने व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळून दाखवले होते, की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत दिसतो, मठातल्या ख्रिस्ती नन्समध्ये जवळपास दिसत नाही. पुढची सव्वाशे वर्षे या निरीक्षणामागचे कारण कोणाला सापडले नाही. 1970 च्या आसपास बहुतेक संशोधकांचा संशय हर्पिसच्या विषाणूवर होता. त्सुर हाउझेन यांनी गाठींच्या नमुन्यांत हर्पिसचा डीएनए शोधला आणि तो त्यांना सापडला नाही. 1974 मध्ये फ्लोरिडातल्या एका परिषदेत त्यांनी तसे स्पष्ट सांगितले, तेव्हा कोणाला ते पटले नाही.

जननेंद्रियांवरचे चामखीळ क्वचित कर्करोगात बदलतात, अशा तुरळक नोंदी त्यांनी जुन्या वैद्यकीय साहित्यात वाचल्या होत्या. चामखीळ होतो तो पॅपिलोमा विषाणूने. मग तोच विषाणू, किंवा त्याचा एखादा भाऊबंद, या कर्करोगामागे असेल का? या एका प्रश्नावर ते दहा वर्षे चिकटून राहिले. चामखिळातल्या विषाणूने कर्करोग होतो म्हणणे तेव्हा अनेकांना वेडेपणाचे वाटत होते. 1983 मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना 16 क्रमांकाचा पॅपिलोमा विषाणू सापडला आणि 1984 मध्ये 18 क्रमांकाचा. जगातल्या या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के याच दोघांचे. विशेष म्हणजे हे विषाणू त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवले नाहीत. ज्या प्रयोगशाळेने मागितले तिला दिले. लस करता येईल हे त्यांना तेव्हाच दिसले होते, पण जर्मन औषध उद्योगाला त्यात बाजार दिसला नाही. लशीचा मार्ग सापडला तो 1991 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला, इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांना. झोऊ 1999 साली ऐन चाळिशीत गेले. 2006 मध्ये लस बाजारात आली ती त्यांनी पाहिली नाही. त्सुर हाउझेन यांना 2008 चे नोबेल मिळाले.

ही लस काय आहे, हे पालकांच्या सभेत नीट सांगितले तर अर्धी भीती जाईल. विषाणूचे बाहेरचे कवच ज्या प्रथिनाचे असते तेवढेच प्रथिन यीस्टसारख्या निरुपद्रवी पेशींकडून बनवून घेतात, आणि त्याचे तुकडे आपोआप एकत्र येऊन गोळा तयार होतो. खोबरे काढून घेतलेला, पण बाहेरून अखंड दिसणारा नारळ असावा तसा तो असतो. आत डीएनए नाही, त्यामुळे रोग देण्याची ताकदच नाही. शरीर मात्र ते कवच ओळखून ठेवते. खरा विषाणू आला की त्याला पेशीत शिरण्याआधी अडवले जाते. तो एकदा पेशीत घर करून बसला की मग लशीचा उपयोग नाही, म्हणून ती संसर्गाआधी, 9 ते 14 या वयात द्यायची. संसर्ग झाला तरी बहुतेकींचे शरीर वर्षा-दोन वर्षांत तो हुसकून लावते. ज्या थोड्या जणींत तो टिकतो, त्यांच्यात ई-6 आणि ई-7 ही त्याची दोन प्रथिने पेशींची वाढ आवरणाऱ्या यंत्रणा हळूहळू निकामी करतात. याला दहा-वीस वर्षे लागतात. एवढा वेळ देणारा कर्करोग दुसरा क्वचितच असेल.

मला जे म्हणायचे आहे ते आता सांगतो. त्सुर हाउझेन यांनी एक रोग नशिबाच्या खात्यातून काढून संसर्गाच्या खात्यात टाकला. आपल्याकडे बाईच्या कर्करोगाला कर्म म्हणायची सवय आहे. भोग आले, प्राक्तनात होते, कोणाची तरी करणी. कर्म म्हटले की कोणालाच काही करायचे उरत नाही, ना नवऱ्याला, ना पंचायतीला, ना सरकारला. विषाणू म्हटला की टाळण्याची वाट निघते, आणि वाट निघाली की ती न चालल्याचा जाब द्यावा लागतो. या शोधाने बाईला कर्मातून सोडवले. पण आपण तिला लगेच दुसरीकडे नेऊन अडकवले: चारित्र्यात. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे कळताच लशीबद्दलचा पहिला प्रश्न येतो तो असा: आमच्या मुलीला हे कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्या बापाला मी वाईट म्हणणार नाही. तो मुलीच्या काळजीनेच विचारतो. पण त्याच्या प्रश्नात विज्ञानाची चूक आहे. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी भेटतोच. लग्न करून एकाच नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होतो, कारण तिच्या वागण्याइतकाच, किंबहुना अधिक, तो नवऱ्याच्या आधीच्या आयुष्यावर अवलंबून असतो. ज्या गोष्टीची लागण जवळपास प्रत्येकाला होते, तिच्यावरून कोणाच्याही शीलाचा निवाडा होऊ शकत नाही. आमच्या आज्यांच्या दंडावर देवीच्या लशीचे व्रण होते. ते व्रण पाहून कोणी त्यांच्या चालीरीतीची चौकशी केली नाही. त्सुर हाउझेन यांचा पहिला सन्मान हाच, की या लशीलाही तशीच साधी लस मानायचे.

बाईच्या शरीराबद्दलच्या या लाजेविरुद्ध वापरता येईल असे एक मोठे उदाहरण याच मातीत आहे आणि आपण ते पुरेसे वापरत नाही. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म 1899 साली गोव्यातल्या शिरोडा गावी झाला. ज्यांचा गर्भ मधल्या महिन्यांत पुन्हा पुन्हा पडतो अशा कित्येक बायकांचे गर्भाशयाचे मुख सैल असते, हे ओळखून त्या मुखाभोवती टाका घालायची शस्त्रक्रिया त्यांनी मुंबईत काढली. सुरुवातीला त्यासाठी ते त्या बाईच्याच मांडीतल्या स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरत. 1955 मध्ये ती जगापुढे आली आणि आजही जगभरच्या प्रसूतिगृहांत तिला शिरोडकर टाका म्हणतात. 1971 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. शरीराच्या ज्या एका इंचावर एका गोमंतकीयाने जगात नाव मिळवले, त्या भागाचे नाव आमच्या घरांत आजही उच्चारले जात नाही. पिशवी म्हणतात, खालचे म्हणतात, नाहीतर नुसते बायकांचे दुखणे म्हणतात. शिरोडकरांचा अभिमान बाळगायचा आणि ज्या अवयवाने त्यांना मोठे केले त्याची लाज बाळगायची, हे दोन्ही एका घरात नांदू नये.

सन्मान एकट्या शास्त्रज्ञाचा करून भागणार नाही, हेही तितकेच खरे. 1951 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स ही गरीब कृष्णवर्णीय बाई याच कर्करोगाने गेली. तिला न विचारता तिच्या गाठीतून घेतलेल्या पेशी जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत वाढू लागल्या आणि आजतागायत वाढत आहेत. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी याच गे यांच्याकडे पेशीसंवर्धनाचे काम केले. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांमधला स्तनाचा कर्करोग, त्यातले हार्मोन आणि त्यामागचा विषाणू यांचा माग काढला. विषाणू आणि कर्करोग यांचा संबंध जगाला अजून नीट पटायचा होता, त्या काळातले हे एका मराठी बाईचे काम. लॅक्स यांच्या पेशींत पुढे 18 क्रमांकाचाच पॅपिलोमा विषाणू निघाला.

आणि मग बार्शी. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने 1987 पासून ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी चालवली. 1999 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी, डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक चाचणी सुरू केली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट. काही गटांत पॅपिलोमा विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत नुसते व्हिनेगरसारखे पातळ आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे, आणि उरलेल्यांत नेहमीची सेवा एवढेच. आठ वर्षांनी विषाणू-तपासणीच्या गटांत या कर्करोगाने 34 बायका दगावल्या होत्या. तपासणी न झालेल्या गटांत 64. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. हे निष्कर्ष 2009 मध्ये अमेरिकेच्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभरच्या धोरणांत गेले. पण ज्या गटांना तपासणी दिलीच नाही त्यांतल्या बायकांचे काय, हा सवाल तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता. त्या 64 जणींच्या मृत्यूंतून आपल्याला हे ज्ञान मिळाले आहे. मिळालेले ज्ञान वापरायचे नाही, असे म्हणण्याचा हक्क आता कोणालाच नाही, मग तो महाराष्ट्र असो की गोवा.

लशीचाही असाच एक धागा आपल्या भागातून जातो. 2009 मध्ये भारतात दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहण्यासाठी चाचणी चालू होती. बार्शी, पुणे आणि मुंबई या तिन्ही ठिकाणच्या मुली तिच्यात होत्या. त्याच काळात तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत दुसरा एक लसीकरण प्रकल्प सुरू होता. त्यातल्या सात मुली दगावल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण दुसरी गोष्ट आढळली, आणि ती लाजिरवाणी होती. आश्रमशाळांतल्या कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. 2013 मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले. या गदारोळात एप्रिल 2010 मध्ये देशातल्या या लशीच्या सगळ्याच चाचण्या थांबल्या. दोन-तीन डोसांच्या त्या चाचणीत 17 हजारांहून अधिक मुलींचे लसीकरण सुरू झाले होते, त्यांतल्या सुमारे पाच हजार जणींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले आणि दिसले असे, की एका डोसानेही 16 आणि 18 क्रमांकांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे 95 टक्के संरक्षण मिळते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाला मान्यता दिली, त्यात या मुलींच्या पुराव्याचा मोठा वाटा होता. गरीब देशांचा लशीचा खर्च त्यामुळे खूप खाली आला.

खम्ममवरून दोन धडे घेता येतात. लस वाईट, हा चुकीचा धडा. आई-बापाला न विचारता केलेले चांगले कामही गावाचा विश्वास मोडते, हा बरोबर. म्हणून पेडण्या-डिचोलीत ही लस द्यायची तर शाळेच्या वहीत सहीची चिठ्ठी पाठवून भागणार नाही. सातवी-आठवीच्या मुलींच्या आयांना बोलवावे, बापांनाही बोलवावे, आणि मराठीत, कोकणीत, उघड शब्दांत सगळे सांगावे. लशीनंतर दंड दुखतो, कधी ताप येतो, एखादी मुलगी घाबरून भोवळते, म्हणून पंधरा मिनिटे बसवून ठेवतात, हेही सांगावे. ज्यांना विचार करायला आठवडा हवा त्यांना तो द्यावा. नाही म्हणणाऱ्या घरी नर्सबाईने पुन्हा जावे, पण दटावू नये.

आता या दोन तालुक्यांचा हिशेब. 2011 च्या जनगणनेत पेडण्याची लोकसंख्या 75,747 होती आणि डिचोलीची 97,955. दोन्ही मिळून पावणेदोन लाखही नाहीत. एका वयाच्या मुली धरल्या तर ढोबळ मानाने हजाराच्या आसपास भरतील. एवढ्या मुलींची नावे एका रजिस्टरात मावतात. उत्तर प्रदेशातल्या एखाद्या जिल्ह्याला जे डोंगराएवढे काम वाटेल ते इथे एका तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला नावानिशी करता येईल. जागतिक आरोग्य संघटनेचे 2030 चे लक्ष्य असे: 15 वर्षांच्या आत 90 टक्के मुलींना लस, 35 व्या वर्षापर्यंत एकदा आणि 45 व्या वर्षापर्यंत पुन्हा 70 टक्के बायकांची चांगल्या चाचणीने तपासणी, आणि दोष निघालेल्या 90 टक्के बायकांवर उपचार. देशात कोणी हे आधी करून दाखवायचे तर आपल्यासारख्या छोट्या जागेनेच.

लशीवर सगळे बोलतात, तपासणीवर कोणी बोलत नाही. आज चाळिशीत असलेल्या बाईला लशीचा फारसा उपयोग नाही, तिला तपासणी हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, 30 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या 2 टक्केही नव्हत्या. आता तर विषाणूच्या चाचणीसाठी टेबलावर पाय फाकून झोपावेही लागत नाही. लहानसा ब्रश बाई स्वतः आत फिरवून नळीत घालू शकते, पडद्याआड, दोन मिनिटांत. ज्या लाजेने तिला इतकी वर्षे दवाखान्यापासून दूर ठेवले, ती लाज न मोडता हे करता येते. पौषात या भागांत धालो होतात, गावच्या बायका रात्री मांडावर जमतात, पुरुष तिथे नसतात. सांगायची जागा तीच. अंगणवाडी सेविकेने दहा वेळा सांगितलेले जे पोहोचत नाही ते मांडावर जाणत्या बाईने एकदा सांगितले की पोहोचते, हे गावात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

कोण सुटेल याचाही आधीच विचार हवा. शाळेत येणारी मुलगी सापडते. मोपाच्या विमानतळाच्या आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या बांधकामावर आलेल्या कुटुंबातली, शाळा सुटलेली मुलगी सापडत नाही. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या भाड्याच्या खोल्यांतल्या मुलीही अशाच. महाराष्ट्रातल्या दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या बायका उपचाराला बांबोळीलाच येतात, आणि लग्ने तर पत्रादेवीचा नाका ओलांडून दोन्हीकडे होतात. विषाणूला रहिवासी दाखला लागत नाही. यादी करताना तो मागू नये.

मुलग्यांनाही लस द्यावी, असे त्सुर हाउझेन शेवटपर्यंत सांगत होते, आणि इथे ते आपल्या समाजाच्या पुढे होते. बाईला होणाऱ्या रोगाची सगळी जबाबदारी बाईच्या दंडावर का? पुरुष हा विषाणू पसरवतात, घशाचे आणि गुदद्वाराचे कर्करोग त्यांनाही त्यातून होऊ शकतात. आज लस आणि पैसा मर्यादित असताना मुलींना आधी द्यावी हे मला मान्य आहे, पण आठवीच्या वर्गात हे समजावताना मुलग्यांना बाहेर मैदानावर पाठवणे मान्य नाही. ते तिथेच बसले पाहिजेत. उद्या त्यांच्या बायकांना तपासणीला जायला वेळ, पैसा आणि परवानगी त्यांच्याकडूनच मागावी लागणार आहे.

हे सगळे स्वप्न आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी: इंग्लंडमध्ये ज्या मुलींना 12-13 व्या वर्षी लस मिळाली त्यांच्यात हा कर्करोग 87 टक्क्यांनी कमी झाला. स्कॉटलंडमध्ये त्याच वयात लस घेतलेल्या मुलींच्या पिढीत 2024 मध्ये छापलेल्या अभ्यासाला एकही रुग्ण आढळला नाही. लस आता पुण्यातही बनते. सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅकला 2022 मध्ये मंजुरी मिळाली. विज्ञानाकडून जे यायचे ते आले आहे.

उरते ते वाहतुकीचे आणि नेमणुकीचे काम, आणि सगळे तिथेच अडते. समजा हरमलच्या एका बाईच्या नळीत विषाणू सापडला. तो कर्करोग नव्हे, कर्करोगाच्या बरीच वर्षे आधीची खूण. तिला म्हापसा, पणजी असे करत बांबोळीला बोलावले, तर तिचा दिवस जाईल, रोज बुडेल, सोबतीला कोणी मिळणार नाही, आणि पहिली तारीख चुकली की दुसऱ्यांदा ती जाणार नाही. विषाणूमुळे गर्भाशयाच्या मुखावर पडलेल्या डागांवर उष्णता देऊन ते जाळून टाकणारे, हातात धरायचे, बॅटरीवर चालणारे यंत्र मिळते. उपचाराला काही मिनिटे लागतात आणि बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. ते यंत्र पेडण्यातल्या तुयेला आणि डिचोलीच्या आरोग्य केंद्रात असले पाहिजे, ते चालवायला शिकलेली डॉक्टर किंवा नर्स आठवड्यातून ठरलेल्या वारी तिथे बसली पाहिजे, आणि तो वार बदलायचा झाला तर गावोगावी आधी कळवले पाहिजे.